आजीची चिवळ, माझा पालक

मी निघाले त्या सकाळी आई मला सोडायला दारापर्यंतही आली नाही. तसं आमचं आधीच ठरलं होतं. माझा मुलगा सम्यक दीड वर्षाचा होता. बॅग घेऊन रिक्षात बसताना त्यानं मला पाहिलं असतं तर आकांत केला असता, आणि मग माझा पाय निघाला नसता. म्हणून आई त्याला कडेवर घेऊन मागच्या अंगणात गेली. तिथे भांडी घासायच्या जागेपलीकडे तिनं पालकाचा लहानसा वाफा केला होता. "चाल, आपण भाजी तोडू," असं ती त्याला म्हणाली, एवढं मला आतून ऐकू आलं. बाबांनी बॅग उचलली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला मी हात जोडले आणि बाहेर पडले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मागून सम्यकचं हसणं येत होतं. पानं तोडायला मिळाली म्हणून तो खुशीत होता. पुढे कितीतरी दिवस मला ते हसणंच आठवत राहिलं. तो रडला असता तर निदान मी आठवायला काहीतरी वेगळं घेऊन गेले असते.

मी अकोल्यात एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. नितीन, माझा नवरा, चांदूर रेल्वेकडच्या एका गावात शिक्षक आहे. मला आयर्लंडमध्ये नोकरी मिळाली तेव्हा आम्ही दोघांनी बसून नीट विचार केला. त्यानं नोकरी सोडायची नाही, मी आधी जायचं, बस्तान बसलं की सम्यकला न्यायचं, पुढचं पुढे. आई-बाबांनी सम्यकला सांभाळायचं कबूल केलं. सगळ्यांना पटलेला निर्णय होता तो. पटलेला निर्णय पाळतानाही माणूस एवढं एकटं पडतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी जे असे निघून गेलेत त्यांना हे माहीत असेल. जे मागे राहिलेत त्यांना ते दुसऱ्या बाजूनं माहीत असेल.

मी आले ते गाव लहान आहे. एक मोठा रस्ता, एक नदी, दोन चर्च, आणि बाराही महिने वारा. नर्सिंग होम गावाबाहेर, टेकाडावर. तिथे नव्वदीतली माणसं राहतात आणि माझ्या कामाचा बराच भाग त्यांना भरवण्याचा असतो. बटाट्याचा लगदा, मटाराचा लगदा, मऊ शिजवलेला मासा. एक घास द्यायचा, थांबायचं, घोटभर पाणी, मग दुसरा घास. एखादी म्हातारी ओठ घट्ट मिटून घेते, मान फिरवते. मी चमचा खाली ठेवते, खिडकीबाहेरच्या मेंढ्यांबद्दल काहीतरी बोलते, मग परत चमचा उचलते. सोबतच्या बायका म्हणायच्या, तुझ्याकडे या कामाचा पेशन्स आहे. मला बरं वाटायचं. संध्याकाळी खोलीवर येऊन मी उभ्या उभ्याच टोस्ट खायचे. एका माणसासाठी कुकर लावायचा कंटाळा यायचा.

अकोल्यात त्यांची जेवायची वेळ व्हायची तेव्हा माझ्याकडे दुपार असायची. सुट्टी असली की मी फोन लावायचे. आई मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि मी त्यांची पंगत बघत बसायचे. बाबा, आई आणि मध्ये सम्यक. त्याला वेगळं ताट नव्हतं. आईच्याच ताटात एका कडेला त्याचा लहानसा काला असायचा. आणि तो काय काय खायचा. अंबाडी खायचा, डाळभाजी खायचा, घोटलेली मेथी खायचा. उन्हाळ्यात बाजारात चिवळ आली की आई ती पिशवी भरून आणायची. चिवळ तुम्हाला माहीत आहे; ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते, जमिनीलगत पसरणारी बारीक पानांची भाजी, जराशी आंबट, आणि इतकी रेतीची की पाण्यातून चार वेळा काढली तरी दाताखाली कचकचते. ती निवडायला दुपार जाते. आई पेपर पसरून बसायची आणि सम्यक तिच्यासमोर मांडी घालून बसायचा. तिचं निवडणं व्हायचं आणि त्याचं खेळणं. संध्याकाळी तीच भाजी मुगाच्या डाळीत शिजून ताटात आली की तो म्हणायचा, "ही म्या केली."

माझ्यासोबत काम करणाऱ्या बायका मुलांच्या खाण्याची रड सांगायच्या. ब्रोकोली बघितली की ओरडतो, पालकाला हात लावत नाही. मी आपली गप्प. मनात म्हणायचे, माझं पोरगं बघा. आणि लगेच वाटायचं, माझं कुठलं, आईचं.

मधे एकदा मी सुट्टीवर अकोल्याला गेले. सम्यकनं माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि आईच्या लुगड्यामागे गेला. आई म्हणाली, "पाय, मम्मी आली. जाय तिच्याजवळ." तो आला, पण पाहुण्याजवळ येतात तसा. मी परत निघेपर्यंत तो माझ्याशी चांगला खेळायला लागला होता. जेवायला मात्र आईच्याच ताटाशी बसायचा.

तो चार वर्षांचा व्हायला आला तेव्हा नितीन रजा काढून त्याला घेऊन इकडे आला. मी तोवर दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं होतं. त्याच्यासाठी लहान खुर्ची, लहान टेबल, जिराफाचं चित्र असलेली थाळी, सगळं आणून ठेवलं होतं. नितीन होता तोवर दिवस बरे गेले. तो सम्यकला मांडीवर घेऊन भरवायचा, बाहेर फिरायला न्यायचा, मेंढ्या दाखवायचा. रजा संपली, नितीन गेला आणि दुसऱ्या दिवसापासून सम्यकनं जेवण सोडलं.

अगदी उपाशी नाही राहिला. दूध, बिस्किट, पांढरा भात, टोस्ट एवढं खायचा. पण हिरवं काहीही ताटात दिसलं की थाळी दूर सारायचा. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं डाळभाजी केली होती. इथे पालक प्लास्टिकच्या पिशवीत धुतलेला मिळतो, कोवळा, एकसारखा, मातीचा कण नाही. फोडणीत लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाणे, सगळं आईसारखं. त्यानं बोट लावून चाखलं आणि म्हणाला, "हे आजीची नाई होय."

"आजीसारखीच केली रे बेटा."

"मले नाई पायजे."

मग मी सगळे शहाणपणाचे उपाय केले. पालक वाटून पराठ्याच्या कणकेत घातला. इडलीच्या पिठात घातला. केळ्याच्या स्मूदीत घालून वर चॉकलेट घातलं. पराठा त्यानं दोन दिवस खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्याला एक हिरवा ठिपका दिसला. त्यानं घास तोंडातून काढून थाळीत ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी त्याच्यासाठी अजून परकीच होते आणि आता फसवणारी परकी झाले होते. त्यानंतर तो साधी पोळीही खिडकीकडे धरून उजेडात बघायचा, मगच तोंडात टाकायचा. पराठा तर कायमचा गेला. दूध जरा वेगळ्या कपात दिलं तरी आधी वास घ्यायचा.

त्याचं पोट साफ होईना. संडासात बसून रडायचा. गाल पांढरे दिसायला लागले. इथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, लोह कमी आहे म्हणाला, औषध दिलं. ते औषध पाजलं की सम्यक ओकायचा. शिफ्टच्या दिवशी तो मॉरीनकडे असायचा. मॉरीन म्हणजे आमच्या रस्त्यावरची साठीची बाई, चार मुलांना घरी सांभाळते. फार मायाळू. मी सकाळी काळजीनं काही सांगायला लागले की ती माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "ही विल बी ग्रँड." ग्रँड म्हणजे छान, ठीक; इकडे सगळं ग्रँडच असतं. मी तिथून टेकाड चढून कामावर जायचे आणि दुसऱ्यांच्या आयांना घास भरवायचे. त्या खायच्या. पाच मिनिटं थांबलं की खायच्या. घरी माझं पोरगं माझ्या हातातल्या चमच्याकडे बघून तोंड घट्ट मिटायचं.

एका दुपारी मी आईला फोन लावला. "आई, तू त्याला कसं खाऊ घालायची ते सांग. काय म्हणायची? गोष्ट सांगायची का?"

आई विचारात पडली. "मले का माईत बाई. मी कुठं खाऊ घालत होती? मी जेवत जाओ, तो संगं बसे. खाये."

"पण आधी नाही म्हणायचा का कधी?"

"म्हने ना. नाई म्हने तं नाई. मी आपली जेवत राहो." मग ती म्हणाली, "तू काहून रडून राहिली? तू जेवली का?"

मी जेवले म्हणून सांगितलं. जेवले नव्हते. आईला ते कळलं असणार, पण तिनं पुढे विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मला सुट्टी होती. मोठ्या गावातल्या आपल्या लोकांच्या दुकानात ताजी मेथी आणि ज्वारीचं पीठ आलंय असं कळलं. आम्ही बसनं गेलो. खरं सांगायचं तर ती मेथी मी सम्यकसाठी आणली नव्हती. मला खायची होती. कित्येक महिन्यांत मी स्वतःसाठी काही रांधलं नव्हतं. घरी आल्यावर सम्यकनं दूध मागितलं, प्यायला आणि गाड्या घेऊन बसला. मी स्वयंपाकघरात जमिनीवर पेपर पसरला, मेथीची जुडी सोडली आणि निवडायला बसले. बाहेर वारा होता. खिडकी हलत होती. मेथीचा वास आला आणि मला एकदम भरून आलं, पण हात चालू ठेवले.

थोड्या वेळानं सम्यक दाराशी आला. मग पेपरच्या कडेला आला. मग मांडी घालून बसला. मी निवडत राहिले. त्यानं एक काडी उचलली, पान खुडलं, काडी बाजूला टाकली. दुसरी उचलली. त्याची बोटं सराईत होती, जणू कालच आजीसमोरून उठून आला होता. मी घाईघाईनं खुडत होते, कोवळ्या दांड्याही घेत होते. त्यानं माझ्या ढिगातून एक दांडी काढली.

"दांड्या नाई घ्यायच्या. आजी रागावते."

"बरं," मी म्हणाले. "मग तू दाखव कसं करायचं."

त्यानं दाखवलं. आम्ही दोघांनी ती पूर्ण जुडी निवडली. मी भाजी टाकली, भाकरी थापल्या. सवय गेली होती, एक भाकर तव्यावरच मोडली. त्याच्या टेबलावर मी रोजचा भात ठेवला आणि माझं ताट घेऊन तिथेच जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. मला भूक लागली होती. मी त्याच्याकडे न बघता जेवायला लागले. ठरवून नाही. त्या क्षणी मला खरंच फक्त जेवायचं होतं.

तो खुर्चीवरून उतरला, माझ्या गुडघ्याला लागून बसला आणि माझ्या ताटातली भाकर तोडली. भाजीत बुडवली. तोंडात घातली. मी पुढचा घास घेतला.

"तिखट हाये," तो म्हणाला.

"हो, जराशी आहे."

तो पाणी प्यायला आणि परत भाकर तोडली.

दुसऱ्या दिवशी त्यानं परत नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. पण मी जिराफाची थाळी कपाटात ठेवून दिली होती आणि आम्ही एकाच ताटात जेवत होतो, जमिनीवर. तो इथे आल्यापासून मी त्याच्यासोबत कधी जेवलेच नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी त्याच्यासमोर बसून भरवायचे, कामावर भरवते तशी, त्याच्या तोंडाकडे बघत. आता मी माझं जेवायचे. त्याचं मन झालं तर खायचा, नाही तर नाही. पराठ्यात काय आहे ते आधीच सांगायचे. कणीक भिजवताना पालक त्याच्याच हातानं टाकायला लावायचे. हिवाळा संपेपर्यंत तो पालक खायला लागला, मग इथल्या केल नावाच्या कोबीसारख्या भाजीची जाड पानंही खायला लागला, तुरीच्या डाळीत शिजवलेली. एकदा मॉरीननं कोबी उकडला तर तिच्या ताटातून उचलून खाल्ला. तिनं मला फोन करून सांगितलं. त्याच्या गालावर रंग आला. ओकाऱ्या थांबल्या, औषध बंद झालं. झोपताना तो माझा हात हातात घेऊन झोपायला लागला.

पालक खाल्ला त्या पहिल्या दिवशी मी आईला फोन करून सगळं सांगितलं. माझ्या ताटातून खाल्ला, माझ्या हातचा खाल्ला, 'आजीची नाई' असं म्हणाला नाही.

"बरं झालं," आई म्हणाली. "बरं झालं बाई." मग मोबाइल बहुतेक तिनं ओट्यावर उताणा ठेवला, कारण मला बराच वेळ छताचा पंखा दिसत राहिला. मग बाबा आले आणि हवापाण्याचं बोलले.

त्या वर्षात आमचे फोन लहान होत गेले. सम्यक शाळेत जायला लागला. घरात तो माझ्याशी मराठीत बोलायचा, पण ते माझं मराठी होतं, आईचं वऱ्हाडी त्याच्या तोंडून हळूहळू गेलं. मले-तुले गेलं. आई फोनवर विचारायची, "काय खाल्लं आज?" आणि तो "पालक अँड भाकर" म्हणून गाड्यांकडे पळायचा. आई हसायची. एकदा बाबांनी सहज सांगितलं, तुझी आई आता भाजी आणत नाही, दोघांसाठी कोण निवडत बसते म्हणते, नुसतं वरण टाकते. मी फोन ठेवला. ज्या गोष्टीसाठी मी इतकी झटले ती मला मिळाली होती, आणि ती आईच्या ताटातून आली होती हे आता मला दिसत होतं.

या एप्रिलमध्ये सम्यक आणि मी अकोल्याला गेलो. उन्हाचा असा तडाखा की सम्यक पंख्याखालून हलेना. आईनं पहाटेच बाजारातून चिवळ आणली होती. दुपारभर ती निवडत बसली, एकटीच. सम्यक बाबांच्या मोबाइलवर काहीतरी बघत होता. तिनं एकदा हाक मारली, "ये ना रे, भाजी निवडू." तो म्हणाला, "इन अ मिनिट, आजी," आणि आला नाही.

रात्रीचं जेवण आईनं लवकर वाढलं. पूर्वीसारखं तिच्याच ताटात एका कडेला त्याच्यासाठी काला केला, चिवळीची भाजी, वरून तेलाची धार. घास केला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं तोंड मिटून घेतलं.

"खाय ना. तुले आवडे ना चिवळ. तूच करत होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मम्मा, तू दे."

आईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग आईनं तो घास ताटात परत ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "दे बाई तू," म्हणाली. उठून पाणी आणायला गेली. मी त्याला घास दिला. त्यानं खाल्ला. रेती कचकचली तसं त्यानं तोंड वाकडं केलं, पण दुसरा घास मागितला. आईच्या ताटातला तो घास मी कसा भरवावा, मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा सम्यकला घेऊन पुढच्या खोलीत कूलरसमोर झोपले होते. मी स्वयंपाकघरात गेले तर आई अंबाडीची भाजी घोटत होती. मी म्हणाले, "सम्यकला आता भूक नाही गं, झोपला तो."

"त्याच्यासाठी कुठं करून राहिली," ती म्हणाली. "तुह्यासाठी हाये. तुले लहानपनी लय आवडे. तुले तं तिकडं कोन वाढते."

मी खाली बसले. तिनं ताट ठेवलं, भाकर ठेवली, भाजीवर लसणाची गरम फोडणी ओतली. स्वतः घेतलं नाही, समोर पाटावर बसून राहिली. मी जेवत होते आणि ती माझ्या ताटाकडे बघत होती. गेल्या काही वर्षांत मी रोज कोणाच्या ना कोणाच्या ताटाकडे बघत आलेय, तिथल्या म्हाताऱ्यांच्या, माझ्या लेकराच्या. माझ्या ताटाकडे कोणी बघितलं नव्हतं. लोक मला विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं, तिकडचं की इकडचं. सम्यकचं घर आता मी जिथे जेवायला बसते तिथे आहे, ते मी मोठ्या कष्टानं उभं केलंय आणि त्याचं मला समाधान आहे. माझं घर मात्र अजून या स्वयंपाकघरात, या पाटासमोर आहे, वर्षातून थोडेच दिवस.

"अजून घे," आई म्हणाली आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं भाजी वाढली. माझं पोट भरलं होतं. मी नको म्हणाले नाही.